भिंतीबाहेरची शाळा आणि गावकुसाबाहेरचे मूल

मुलांना चार भिंतींबाहेर काढा, परिसरातून शिकवा, असा आग्रह 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने धरला आहे. सहावी ते आठवीच्या काळात 10 दिवस दप्तराविना, हेही त्यातच आहे. अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शिक्षक ओढ्याकाठचे, शिवारातले अनुभव शिक्षण परिषदांतून एकमेकांना सांगतात. घोकंपट्टीपेक्षा हे केव्हाही चांगले. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

जिल्हाही तसा मोठा गुरू आहे. हिवरे बाजारात पडलेला पाऊस मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. गणित आणि भूगोल तेथे एकत्र शिकता येतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणे जपणाऱ्या या आदिवासी बाईंना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली सिंधू परंपरेशी नाते सांगणारी ब्राँझची शिल्पे सापडली. रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी ही चार शिल्पे. ती जमिनीतून काढणारा माणूस होता छबू लक्ष्मण भिल. दायमाबादचे नाव अभ्यासकांच्या तोंडी आहे, छबू भिलचे किती शिक्षकांना ठाऊक आहे?

खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. परिसर म्हणजे केवळ झाडे, पक्षी आणि डोंगर काय? गावात पाणवठा असतो, तशी पाणवठ्याची सत्ताही असते. स्मशानभूमी असते, तशी तिच्या वाटेवरची अडवणूकही असते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. गाव म्हणजे अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे डबके, हा त्यांचा निष्कर्ष अनुभवातून आलेला होता. परिसर शिक्षणवाल्यांनी हे भाषण वाचले आहे काय?

याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. फिर्यादीनुसार मारहाणीची सुरुवात शाळेपासूनच झाली होती. साक्षीदार फितूर झाले आणि 2017 साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ज्या परिसरात एका मुलाला मोकळेपणाने वावरता येत नाही, तो परिसर सर्वांचा वर्ग कसा होईल? सवर्णाच्या मुलाला गावातली सहल म्हणजे मौज वाटेल. वस्तीवरच्या मुलाला मात्र कुठल्या आळीत आपल्याकडे कशा नजरेने पाहिले जाते, हे आधीच पाठ असते.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. दप्तराविना दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळीकाम करणारे यांच्या हाताखाली शिकावे, असे धोरण सांगते. श्रमाची लाज आम्हाला नाही. पण कोणाच्या मुलाने कोणते काम शिकायचे, हे कोण ठरवणार? मद्रास राज्यात राजाजींनी 1953 साली अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली. पेरियारांच्या चळवळीने तिला जातीची शाळा ठरवून कडाडून विरोध केला. 1954 साली राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि योजनाही गेली. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम आणि शिक्षण जोडले ते सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवून. श्रम तोच, पण पंगत बदलली की शिक्षणाचा अर्थ बदलतो.

मग करायचे काय? मुलांना गावाचा नकाशा काढायला लावा. नळ कुठे संपतो, डांबरी रस्ता कुठे थांबतो, दिवा कुठे लागत नाही, हे त्यांना स्वतः मोजू द्या. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2020 साली घेतला. पाटी बदलली, पण नळ आला काय, हा परिसर अभ्यासाचा उत्तम स्वाध्याय आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलाला ऋतूंचा धडा आणि स्थलांतराचा धडा एकत्रच शिकवावा लागेल.

हे शिक्षकांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्वही दिले आहे. आपल्या पालकांनी सहीपुरते जाणे थांबवावे. सहल कुठे जाणार, कोणाच्या मुलाला कोणते काम देणार, हे बैठकीत विचारावे आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

सावित्रीमाईंनी अध्यापनाचे धडे याच नगरात मिस फरार यांच्याकडे घेतले. पुढे पुण्याच्या रस्त्यावर शेणमाती झेलत त्या शाळेत गेल्या. शाळेबाहेरचा परिसर काय असतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. त्यांचा वारसा सांगणाऱ्या शिक्षकांनी मुलांना जरूर बाहेर न्यावे. मात्र गावकुसापाशी येऊन थांबू नये.