माझं काय, साहेब?

परवा माळा आवरताना माझा जुना मिनी ड्राफ्टर सापडला. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, स्क्रू गंजलेले. भाची मदतीला आली होती. म्हणाली, "मावशी, तू यावर काम करायचीस?"

"हो, वर्षभर. एमआयडीसीत, ड्रॉइंग ऑफिसात."

"मग पुढे?"

"पुढे काय, लग्न झालं."

उत्तर सवयीनं तोंडातून गेलं आणि माझं मलाच खटकलं. कारण ते खरं नव्हतं. लग्न झालं ते त्यानंतर दोन वर्षांनी. नोकरी मिळाली नाही, ती मी मागितली नाही म्हणून.

गोष्ट १९९८ची. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा ट्रेड पूर्ण करून मी नगरच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले. आम्ही दोघं होतो, मी आणि एक मुलगा. माझी रेघ सुबक, अक्षर चांगलं. म्हणून ट्रेसिंग माझ्याकडे, अमोनिया प्रिंट काढणं माझ्याकडे, ड्रॉइंगचं रजिस्टरही माझ्याकडे. मशिनवर जाऊन "फिक्स्चर नीट बसतंय का" हे ऑपरेटरला विचारायचं काम मात्र त्याच्याकडे. "तू कशाला ऑइलात येतेस?" असं मला कुणीतरी मायेनंच म्हटलं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं होतं!

वर्ष संपायला दोन महिने उरले होते. एक दिवस तो सरळ साहेबांच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, माझं काय?" मी शेजारच्या बोर्डावर मान खाली घालून बसले होते. मनात म्हटलं, काय आगाऊ मुलगा आहे! आपलं काम साहेब बघतायत की. वेळ आली की बोलावतील.

शेवटच्या दिवशी त्याला नेमणुकीचं पत्र मिळालं. मला सर्टिफिकेट आणि पेढे. निघताना साहेब म्हणाले, "तुला थांबायचं होतं का? मला वाटलं, तुझं लग्न ठरलंय." माझं लग्न ठरलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

हे सगळं आज आठवायचं कारण ही भाचीच. मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यावर गेल्या वर्षी तिला सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या डिझाइन विभागात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. डिझाइन म्हटलं की आपल्याकडे बायका विचारतात, "म्हणजे ब्लाउजचं का गं?" तिचं डिझाइन म्हणजे मशिनवर पार्ट घट्ट धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचं. रोज नगरहून सुप्याला एसटीनं जाणं-येणं. २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून निभावलं. तरी घरी कुरकुर होतीच. "इतक्या पैशात कशाला एवढी दगदग? त्यापेक्षा स्थळं बघू." चौथा महिना संपत आला तेव्हा मी तिला विचारलं, "पुढचं काय म्हणतायत?" ती म्हणाली, "काम आवडतंय त्यांना. सांगतील की."

माझ्या पोटात गोळाच आला. सत्तावीस वर्षांनी तेच वाक्य!

मैत्रिणींनो, आज घरोघरी कुणी ना कुणी इंटर्न आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार विद्यावेतन. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती वाढवली. मुदत संपल्यावर "आम्हाला कायम करा" म्हणत ठिकठिकाणची मुलं-मुली आंदोलनाला बसली. त्यांची तळमळ मला कळते. पण जो प्रश्न शेवटी रस्त्यावर विचारावा लागतो, तो पहिल्या महिन्यातच टेबलावर का येऊ नये? कंपनीनेही तो का टाळावा? "बघू", "तू आपल्याच घरची आहेस", असं म्हणून मुलीला झुलवत ठेवणं हा मला चांगुलपणा वाटत नाही. जागा नसेल तर नाही म्हणा. मुलगी दुसरीकडे बघेल.

कायदा काय सांगतो, तेही बघू. १९६१चा अप्रेंटिस कायदा शिकाऊ उमेदवाराला कामगार मानत नाही आणि प्रशिक्षणानंतर मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असंही म्हणत नाही. करारातच "नंतर इथेच काम करावं लागेल" अशी अट असेल, तर मात्र मालकाने योग्य काम देणं बंधनकारक आहे. २०१४च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक मालकाने, आपल्याकडे शिकून तयार झालेल्यांना नोकरीत घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. म्हणजे "साहेब, आपल्या कंपनीचं याबाबत धोरण काय?" हा प्रश्न आगाऊपणाचा नाही, कायद्यातलाच आहे. कॉलेजच्या पत्रावर केलेली साधी इंटर्नशिप या कायद्यात येतेच असं नाही. म्हणून आपण नक्की कोणत्या कागदावर काम करतोय, हे पहिल्याच दिवशी वाचून घ्यावं. आणखी एक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा शिकाऊ, इंटर्न, अगदी बिनपगारी काम करणारीलाही लागू आहे. "मी अजून पर्मनंट नाही" म्हणून काही सोसायची गरज नाही.

पण नुसतं कायद्यावर बोट ठेवून कुणी कायम होत नाही. डिझाइनच्या कामात तर एक वेगळीच अडचण असते. काढलेलं ड्रॉइंग साहेबांच्या सहीने जातं. पार्ट बनतो, गाडीत बसतो, आणि त्यामागचा हात कुणाचा, हे कुणाला कळत नाही. बरं, ड्रॉइंग घरी नेऊन दाखवायची सोय नाही. वेगळा करार नसेल तर नोकरीत किंवा अप्रेंटिसशिपमध्ये केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाचा, असं १९५७चा कायदाच सांगतो. मोबाइलवर फोटो काढणं तर अंगाशीच यायचं.

म्हणून मी भाचीला शंभर पानी वही आणून दिली. म्हटलं, ड्रॉइंग नको, आकडे नकोत. रोज दोन ओळी लिही. काय अडलं होतं आणि तू काय केलंस. ती लिहायला लागली आणि तिसऱ्याच दिवशी वैतागली. "मावशी, यात सगळं 'रिव्हिजन केली, प्रिंट काढली, फाइल लावली' एवढंच येतंय गं!" मला माझं रजिस्टर आठवलं. सुबक कामाची मुलगी असली की तिला सुबक कामंच मिळतात, आणि सुबक कामावर कुणी कायम होत नाही. मी म्हटलं, "उद्या शॉपवर जा. तुझं फिक्स्चर रोज हाताळतो, त्या ऑपरेटरला विचार."

गेली. त्याने सांगितलं, "ताई, क्लॅम्प उलट्या बाजूला आहे. पार्ट काढताना हात अडकतो." तिने साहेबांना विचारून क्लॅम्पची बाजू बदलली. वहीत पहिल्यांदा लिहिण्यासारखं काही आलं. पुढे अशा सहा-सात नोंदी झाल्या.

पाचव्या महिन्यात तिने वेळ मागितली. आदल्या रात्री स्वयंपाकघरात आम्ही तालीम केली. मी साहेब झाले! पहिल्यांदा ती म्हणाली, "सर, म्हणजे, जमलं तर, तुम्हाला वाटत असेल तर..." मी लाटणं आपटलं. चौथ्या खेपेला नीट आलं. "सर, मला इथे कायम काम करायचंय. मी केलेली कामं ही अशी. जागा आहे का? नसेल तर तसं सांगा, म्हणजे मी दुसरीकडे बघेन. आणि मी सोडून जाणार नाहीये." ते शेवटचं वाक्य माझ्यातर्फे होतं.

तुम्हाला वाटेल, आता तिला नोकरी मिळाल्याचं मी सांगणार. नाही मिळाली. साहेबांनी शांतपणे ऐकलं, वही चाळली आणि म्हणाले, "या वर्षी जागा नाही." ती रडत घरी आली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच त्यांच्याकडे कामाचं सविस्तर पत्र मागितलं. कंपनीचं गुपित न सांगता काय लिहिता येईल, तेही विचारलं. त्यांनी दिलं. हातात महिना होता. कंपनीला फिक्स्चर बनवून देणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाने तिला शॉपवर ऑपरेटरशी बोलताना बघितलं होतं. आज ती तिथे डिझाइन बघते. नेमणुकीचं पत्र आहे, सहा महिन्यांचं प्रोबेशन संपून ती कायम झाली आहे. पगार फार नाही. पण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'ड्रॉन बाय'पुढे आता तिचं नाव असतं.

विचारलं म्हणून नोकरी मिळतेच, असं नाही. पण नकार तरी वेळेवर मिळतो. मला तोही मिळाला नाही. मी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले आणि इतकी वर्षं "लग्न झालं" म्हणत राहिले.

घरातल्या मोठ्यांनाही एक विनंती. इंटर्नशिपवरून आलेल्या मुलीला "किती देतात?" एवढंच विचारू नका. "आज काय केलंस?" हेही विचारा. आणि चौथा महिना लागला की "पुढचं विचारलंस का?" हे विचारायला विसरू नका. माझ्या आईला तेव्हा हे सुचलं नाही, तिचा काही दोष नव्हता. आपल्याला मात्र आता ठाऊक आहे.

ड्राफ्टर मी भंगारात दिला नाही. भाची घेऊन गेली. म्हणाली, टेबलावर ठेवीन.