गोळी वाटली, की गिळली?

नारू म्हणजे काय, हे आज तिशीच्या आतल्या पिढीला सांगावे लागते. पायविहिरीच्या पाण्यातून पोटात गेलेला हा जंत वर्षभराने कातडी फोडून बाहेर येई. त्यावर ना लस होती, ना औषध. तरीही देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. पायविहिरी बंद झाल्या, हातपंप आले, पाणी फडक्याने गाळून पिण्याची सवय लागली. मुख्यतः याच बळावर हे साधले.

हत्तीरोगाचे नेमके उलट आहे. त्यावर औषध आहे, ते स्वस्त आहे आणि सरकार ते घरपोच, फुकट देते. देशव्यापी सामुदायिक औषधोपचार मोहीम २००४ मध्ये सुरू झाली. काही जिल्ह्यांत डीईसी व अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन ही तिसरी गोळीही आली. श्रीलंकेने २०१६ मध्ये आणि बांगलादेशाने २०२३ मध्ये हा रोग हटवला. आपल्याकडे मात्र गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्याला त्याने दीर्घकाळ ग्रासले आहे. केंद्राने उच्चाटनासाठी २०२७ ची मुदत ठरवली आहे.

अडचण रोगाच्या स्वभावात आहे. सांडपाण्यात वाढणारा क्युलेक्स डास त्याचे जंतू पसरवतो. प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षे जगतात आणि त्यांची पिल्ले रात्री रक्तात उतरतात. म्हणून तर तपासणीसाठी रात्रीचे रक्त घ्यावे लागते. या काळात माणूस धडधाकट दिसतो, शेतावर जातो आणि नकळत डासांमार्फत शेजाऱ्यालाही जंतू देतो. पाय सुजतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणूनच दोन वर्षांखालील मुले, गर्भवती व गंभीर आजारी वगळता सर्वांनी औषध घ्यायचे असते. एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी ते वर्षानुवर्षे प्रत्यक्ष गिळले, तरच संसर्गाची साखळी तुटते.

‘मला काहीच झालेले नाही, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न इथेच उभा राहतो आणि तो अडाणीपणाचा नाही. ज्याच्या रक्तात जंतू असतात, त्याला ते मरताना ताप, डोकेदुखी, उलटी होऊ शकते. हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. पण हातावर पोट असणाऱ्याला एक दिवसाचा ताप म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी. हे आधी न सांगता पाकीट हातात दिले, तर ते फळीवर पडून राहते; नोंदवहीत मात्र ‘लाभार्थी’ वाढतो. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही. तेव्हा मजूर घरी परतल्यावर, जेवणानंतर, आशा सेविकेसमोर ती गिळली जावी, अशी वेळ आखायला हवी. त्रास झाल्यास कुणाला बोलवायचे, हेही घराघरांत ठाऊक हवे.

ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत, त्यांची सूज या गोळ्यांनी उतरत नाही. त्यांना रोज साबणाने पाय धुऊन कोरडा ठेवणे, जखमांवर वेळेत उपचार करणे आणि अंडवृद्धी असल्यास जवळच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया, एवढे तरी मिळाले पाहिजे. शेजारच्या रुग्णाकडे कुणी वर्षानुवर्षे फिरकत नाही, हे पाहणाऱ्या गावाने मोहिमेवर विश्वास का ठेवावा?

हा रोग सहसा जीव घेत नाही, म्हणून त्याचा गाजावाजा होत नाही. तो रोजगार घेतो, लग्ने मोडतो, माणसाला घरात कोंडतो. आणि तो टिकतो तो उघडी गटारे व तुंबलेले सांडपाणी यांच्या आधाराने. नारूच्या वेळी औषध नव्हते, म्हणून पाणी सुधारावे लागले. आता औषध हाती आहे, एवढ्यावर गटारांकडे डोळेझाक करून चालणार नाही. २०२७ चा हिशेब किती गोळ्या वाटल्या यावर नव्हे, तर किती गिळल्या गेल्या आणि किती गटारे वाहती झाली यावर मांडावा लागेल.