न्यूयॉर्कचं विमान, सोळा तास आणि आई-बाबांचे पाय: लांबचा विमानप्रवास इतका जड का जातो?

वडाळ्यात फाइव्ह गार्डनला सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पा कधी ऐकल्यात? गुडघेदुखी आणि सोसायटीच्या पुनर्विकासानंतर तिसरा विषय हमखास असतो: "यंदा जाताय का मुलीकडे?" व्हीजेटीआय आणि आयसीटीसारख्या संस्था इथून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून शिकून अमेरिकेला गेलेली मुलं-मुली या भागातल्या कितीतरी घरांत आहेत. कुणी मुलीच्या बाळंतपणाला निघालंय, कुणी नातवाच्या मुंजीला.

वडाळ्याहून सहारचं विमानतळ तसं जवळ. खरा प्रवास त्यानंतर सुरू होतो. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान साधारण पंधरा-सोळा तास घेतं. त्यात विमानतळावरचे आधीचे तीन-चार तास आणि पलीकडची इमिग्रेशनची रांग मिळवा. सत्तरीच्या माणसासाठी हा जवळपास पूर्ण एक दिवस खुर्चीत बसून काढण्याचा प्रकार आहे.

हा प्रवास अलीकडे लांबला का? विमानात शरीराचं नेमकं काय होतं? आणि त्यातलं आपल्या हातात किती आहे? समजून घेऊया.

आकाशातले रस्ते का बदलले?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये दहशतवादी हल्ला झाला. २४ एप्रिलला पाकिस्तानने आपलं हवाई क्षेत्र भारतीय विमान कंपन्यांसाठी बंद केलं. ३० एप्रिलला भारतानेही तसंच केलं. त्यानंतर ही बंदी दर वेळी साधारण महिन्याभराने वाढवत नेली गेली.

याचा जास्त फटका दिल्लीला बसला. दिल्लीहून पश्चिमेला जायचं तर पाकिस्तान दारातच लागतो. मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे वळू शकतं, म्हणून आपल्याला वळसा तुलनेने कमी पडतो. पण उत्तर अमेरिकेची गणितं बिघडलीच. जास्त वेळ म्हणजे जास्त इंधन. त्यामुळे काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबावं लागलं. एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन थेट सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. नूतनीकरणासाठी जाणारी विमानं आणि पाकिस्तानचं बंद आकाश, ही कारणं कंपनीने दिली.

वळशाचा रस्ताही भरवशाचा नाही, हे जून २०२५ मध्ये कळलं. इस्रायल-इराण संघर्ष पेटला, तेव्हा १३ जूनला वाटेत असलेली अनेक विमानं माघारी फिरवावी लागली. २३ जूनला कतारनेही काही तास आकाश बंद ठेवलं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २६ एप्रिल २०२५ रोजीच कंपन्यांना सूचना दिल्या होत्या. प्रवास किती लांबणार आणि वाटेत थांबा आहे का हे प्रवाशांना आधी सांगा, खाणं-पिणं आणि औषधं पुरेशी ठेवा, असं त्यात होतं. त्यामुळे तिकीट काढताना आणि निघायच्या आदल्या दिवशी एकूण वेळ आणि थांबे कंपनीला विचारा.

केबिनची हवा: कळसूबाईपेक्षाही उंच

विमान ३५-४० हजार फुटांवर उडतं. तिथल्या विरळ हवेत माणूस जगू शकत नाही, म्हणून आतला दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असतो. पण तो मुंबईइतका ठेवत नाहीत, कारण त्याचा विमानाच्या सांगाड्यावर ताण येतो. बहुतेक विमानांत आतली हवा ६ ते ८ हजार फूट उंचीवर असते तशी असते. बोईंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारख्या नव्या विमानांत ती ६ हजार फुटांच्या आसपास राहते.

महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई साधारण ५,४०० फूट आहे. म्हणजे नव्यातल्या नव्या विमानातही तुमचे बाबा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर बसून असतात, तेही पंधरा तास. निरोगी माणसाला थोडा थकवा आणि डोकं जड होणं यापलीकडे फारसं जाणवत नाही. मात्र हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये, ते याचसाठी.

घाट चढताना वेफर्सचं पाकीट फुगलेलं पाहिलंय ना? विमानात पोटातली हवाही तशीच प्रसरण पावते. म्हणून निघताना घरी छोले किंवा मिसळ नको. हलका वरण-भात बरा.

दुसरी गोष्ट कोरडेपणा. मुंबईच्या दमट हवेची सवय असलेल्या शरीराला अचानक २० टक्क्यांहून कमी आर्द्रता मिळते. डोळे चुरचुरतात, घसा सुकतो, ओठ फुटतात. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावणं, व्हॅसलीन आणि पाण्याची रिकामी बाटली जवळ ठेवणं (सुरक्षा तपासणीनंतर ती भरून घ्यायची) एवढं पुरतं.

पाय का सुजतात आणि काळजी कधी करायची?

पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. आपण चालतो तेव्हा हे स्नायू शिरा दाबून रक्त पुढे ढकलतात. तासन् तास बसून राहिलं की हा पंप बंद पडतो आणि पाय सुजतात. दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर ती बहुधा एक-दोन दिवसांत उतरते.

खरा धोका वेगळा आहे. साचलेल्या रक्ताची खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. हे विमानांच्या आधीपासून माहीत आहे. १९४० साली लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना निवाऱ्यांमध्ये रात्रभर आरामखुर्चीत बसून राहिलेल्या माणसांचे अशा गुठळ्यांमुळे मृत्यू झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन प्रकल्पाचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. चार तासांहून जास्त प्रवासानंतर गुठळीचा धोका जवळपास दुप्पट होतो. पण आकडा नीट वाचा: निरोगी माणसासाठी तो साधारण ६,००० मध्ये १ इतकाच आहे. म्हणजे घाबरून तिकीट रद्द करण्याचं कारण नाही, पण दुर्लक्षही करू नये. आणि हे फक्त विमानालाच नाही, बस, ट्रेन, गाडी सगळ्यांना लागू आहे. लालबाग-परळहून गणपतीला रात्रभर बसून सिंधुदुर्ग गाठणाऱ्यांनाही.

याच प्रकल्पातली एक बाब आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. ज्यांची उंची १.६ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वापाच फुटांपेक्षा कमी आहे, त्यांना धोका जास्त आढळला. (खूप उंच, म्हणजे १.९ मीटरहून जास्त उंचीच्या लोकांनाही.) भारतीय स्त्रियांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. आईचे पाय विमानात जमिनीला नीट टेकत नाहीत, सीटची कड मांडीखाली रुतते आणि शिरा दाबल्या जातात. उपाय साधा आहे: हातातली छोटी बॅग पायाखाली ठेवायची, म्हणजे गुडघे किंचित वर येतात. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी मात्र बॅग आत सरकवायची.

वजन जास्त असणं, गर्भनिरोधक गोळ्या, आधी होऊन गेलेली गुठळी, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनीही धोका वाढतो. गुडघा बदलून फार दिवस झाले नसतील तर आधी डॉक्टर, मग तिकीट.

खरी अडचण भिडेची

डॉक्टरांचा सल्ला सोपा आहे: दर तासा-दीड तासाने उठा, चार पावलं चाला. मग लोक उठत का नाहीत?

खिडकीशी बसलेल्या काकूंना मधल्या दोन अनोळखी माणसांना उठवायला संकोच वाटतो. "झोपलाय बिचारा, कशाला उठवा?" मग वारंवार टॉयलेटला जायला नको म्हणून त्या पाणीच कमी पितात. पाणी कमी, हालचाल नाही, आणि वर झोपेची गोळी. शरीराला नको असलेल्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच मांडलं. स्वस्त तिकीट हा गुठळीचा धोका आहे याला पुरावा नाही, पण खिडकीची सीट आहे, कारण तिथला माणूस उठत नाही. बिझनेस क्लासमध्ये न हलता पडून राहिलात तर तिथेही धोका आहेच.

त्यामुळे आई-बाबांसाठी काही पैसे जास्त मोजायचेच असतील तर पॅसेजकडच्या सीटसाठी मोजा. आणि निघण्याआधी त्यांना एक वाक्य पढवा: शेजाऱ्याला उठवणं हा उद्धटपणा नाही.

बसल्या जागीही बरंच करता येतं. टाचा टेकवून पंजे वर उचला, मग पंजे टेकवून टाचा वर. घोटे गोल फिरवा. तासाला दहा-पंधरा वेळा. कपडे सैल हवेत आणि चपला-बूट असे की पाय सुजल्यावरही चढतील.

पोटरीवर दाब देणाऱ्या मोज्यांचं काय? कॉक्रेनच्या आढाव्यानुसार या मोज्यांमुळे लक्षणं न दिसणाऱ्या गुठळ्या कमी होतात आणि सूजही कमी राहते. मात्र ते योग्य मापाचे हवेत. पायातला रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी आणि मधुमेहींनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. कुणीतरी सांगितलं म्हणून अ‍ॅस्पिरिन मात्र घेऊ नका. केवळ प्रवासासाठी ती घेण्याची शिफारस तज्ज्ञ करत नाहीत.

पोहोचल्यानंतरही लक्ष ठेवा. गुठळीची लक्षणं काही आठवड्यांनीही दिसू शकतात. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, तो भाग गरम किंवा लालसर होणं, अचानक धाप लागणं, छातीत कळ येणं, यातलं काहीही झालं तर थेट रुग्णालय. "प्रवासाचा शीण असेल" म्हणून थांबू नका.

व्हीलचेअर: कमीपणा नाही

१२ फेब्रुवारी २०२४ ची घटना आठवा. न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या एअर इंडियाच्या विमानातून ८० वर्षांचे एक प्रवासी पत्नीसह उतरले. दोघांसाठी व्हीलचेअर मागवली होती, मिळाली एकच. दुसरी येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं, पण ते पत्नीसोबत चालत निघाले, असं कंपनीचं म्हणणं होतं. इमिग्रेशनजवळ ते कोसळले आणि नंतर त्यांचा मृत्यू झाला. डीजीसीएने कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला.

इतक्या लांबच्या प्रवासाने थकलेल्या शरीराला लगेच लांब चालायला लावणं किती महाग पडू शकतं, ते यातून दिसतं. थांबावं लागलं तरी थांबा, बसून राहा.

अमेरिकेच्या विमानांना व्हीलचेअरच्या मागण्या खूप असतात. त्यातल्या सगळ्यांचेच गुडघे दुखत नसतात. परक्या विमानतळावर इंग्रजीत प्रश्न विचारले तर काय, रस्ता चुकला तर काय, ही भीतीही असते. तिची टिंगल करण्यात अर्थ नाही, पण खरी गरज असलेल्याला त्यामुळे ताटकळावं लागतं हेही खरं. भाषेचीच अडचण असेल तर मुलीचा पत्ता, फोन, परतीचं तिकीट आणि औषधांची यादी इंग्रजीत लिहिलेला एक कागद हातात द्या, आणि ओळखीचं कुणी त्याच विमानात आहे का ते पाहा. व्हीलचेअर खरंच हवी असेल तर ती तिकिटातच नोंदवा, काउंटरवर आयत्या वेळी नको.

औषधं, जेवण आणि झोप

औषधं कायम हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह ठेवा. इन्सुलिन सामानात टाकू नका, खालच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. मधुमेहींचं जेवण किमान २४ तास आधी नोंदवावं लागतं. गोळ्यांच्या वेळा घड्याळ बदलल्यावर कशा घ्यायच्या, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तास-दीड तासच सरकतं. म्हणजे पूर्ण रुळायला आठवडाभर किंवा थोडं जास्त लागणारच. तिथे पोहोचल्यावर दिवसा उजेडात फिरणं आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आवरणं, हे कोणत्याही गोळीपेक्षा जास्त उपयोगी. बाळंतपणाला जाणाऱ्या आजीने तर शक्य असेल तर तारखेच्या दोन आठवडे आधी पोहोचावं. नाहीतर बाळ आणि आजी दोघंही रात्री जागी आणि दिवसा पेंगुळलेली.

सगळं प्रवाशानेच करायचं का?

नाही. बोईंग ७७७ इकॉनॉमीत एका रांगेत नऊ सीट धरून आलं होतं, आता बहुतेक कंपन्या दहा बसवतात. जागा कमी झाली, आणि पॅसेजच्या सीटला वेगळे पैसे लागू लागले. ५ मार्च २०२५ रोजी शिकागोहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान १२ पैकी ८ टॉयलेट तुंबल्याने माघारी गेलं. कंपनीने पाइपमध्ये कपडे, चिंध्या आणि पिशव्या सापडल्याचं सांगितलं. म्हणजे काही जबाबदारी सहप्रवाशांचीही आहे.

आकाश कधी उघडेल ते सरकारं ठरवतील, आणि सीट किती रुंद असेल ते कंपन्या. पण आई कुठल्या सीटवर बसेल, तिच्या पायाखाली काय असेल आणि ती शेजाऱ्याला न बिचकता उठवेल का, हे घरातच ठरतं. पुढच्या वेळी तिकीट काढताना भाव बघून झाला की सीटचा नकाशाही उघडा. आणि फोनवर "पोहोचलात का?" यानंतर "पाय कसे आहेत?" हेही विचारा.