आभाराचं एक वाक्य

प्रिय सर,



फोनवर तुम्ही म्हणालात, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका." मी लावून घेतलं आहे. जे झालं ते भर सभेत झालं, म्हणून पत्रही चारचौघांत वाचलं जाईल असंच लिहिते.

माझ्या निरोप समारंभात सरस्वतीच्या तसबिरीला हार घातला, समई लावली, नारळ फोडला. आई सप्तशृंगीच्या कृपेनं मॅडमची सेवा निर्विघ्न पार पडली, असं तुम्ही प्रास्ताविकात म्हणालात. मला काहीच खटकलं नाही. वणीत राहायचं आणि गडाचं वावडं धरायचं, हे जमतं का कुणाला? चैत्रात खानदेशातून पायी येणारी माणसं आमच्याही ओट्यावर पाणी पितात. मग मी बोलायला उठले. माझ्या प्रभू येशूनं मला या गावात आणलं, इथल्या लेकरांत ठेवलं, त्याचे उपकार, एवढंच म्हणाले. तुम्ही माइक ओढून घेतलात. "मॅडम, ही धर्मनिरपेक्ष जागा आहे. प्रचार नको." लोक हसले. ज्यांना मी बाराखडी शिकवली तेही हसले.

नारळ फुटला ती प्रथा आणि मी माझ्या देवाचे आभार मानले तो प्रचार, हा न्याय कुठला, सर?

फोनवर तुम्ही पंडिता रमाबाईंचं नाव काढलंत. काढलंत ते बरं झालं. 1893 साली पुण्यात त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवरून वादळ उठलं, ते मलाही ठाऊक आहे. ख्रिस्ती धर्म शिकवणार नाही, असा शब्द रमाबाईंनी दिला होता. त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या मुली रमाबाईंच्या आसऱ्याला होत्या, म्हणून पालकांची धास्ती मी खोटी म्हणणार नाही. पण माझ्यासमोर कोण होतं? तुम्ही, सरपंच, पालक, पोरंबाळं झालेले माजी विद्यार्थी. वर्गात मी कधी येशूचं नाव घेतलं, असं एका पालकानं तरी सांगावं.

रोजच्या प्रार्थनेला मी तुमच्याबरोबर हात जोडून उभी राहिले. नाशिकच्याच एका शिक्षकानं हात जोडायला नकार दिला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 2013 साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. मी तशी सवलत कधी मागितली नाही. मला हात जोडायला आवडतं.

माझं माहेर नाशिकचं, शरणपूरचं. मिशननं ती वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वसवली, म्हणजे आम्ही काही काल आलेलो नाही. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. 'स्मृतिचित्रे'वर तुम्ही स्वतः किती सुंदर बोलला होतात! पोरांकडून 'केवढे हे क्रौर्य' तालासुरात म्हणून घेता, आणि कवीचं नाव सांगताना रेव्हरंड टिळक असंच सांगता. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची श्रद्धा त्या नावातच उघड आहे, तिथं तुम्हाला अडखळायला होत नाही. मेलेला ख्रिस्ती कवी चालतो, शेजारच्या वर्गावरची जिवंत बाई चालत नाही?

अर्थात कवी-लेखक जिवंत असतानाही त्यांचं फार धड नसतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. तेव्हा स्टाफरूममध्ये सर्वांत जास्त चिडला होतात तुम्ही. "मराठीला जात-धर्म चिकटवणारे हे कोण?" असं टेबलावर हात आपटून म्हणाला होतात. 2020 च्या जानेवारीत पाठदुखी सोसत ते व्यासपीठावर आले, त्याचं तुम्हाला केवढं कौतुक! म्हणूनच तुमच्या हातून हे व्हावं, याचं जास्त लागलं. दुसऱ्या कुणी माइक ओढला असता तर मी घरी जाऊन जेवले असते.

समारंभाचा व्हिडिओ ग्रुपवर आला, त्यात माझं ते वाक्य कापलेलं आहे. तुमचं प्रास्ताविक पूर्ण आहे. ते वाक्य परत जोडून व्हिडिओ पुन्हा टाका, ही माझी पहिली विनंती.

दुसरी अशी, की आपले उर्दूचे सर येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. परवा बाजारात भेटले. भाषणात अल्लाचे आभार मानले तर चालेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. काय सांगू, ते कळवा.

आपली,
निवृत्त सहकारी, वणी