बिल शून्य, तरी मोटार का जळते? सौर फीडरच्या बातमीमागचं गणित

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली. पहिल्या प्रयोगासाठी दोन गावं निवडली होती: आपल्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी. कल्पना सोपी आहे. सबस्टेशनजवळ सोलर प्लांट उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. रात्री बिबट्याच्या भीतीत पाणी भरणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. त्यात २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ आहे, मार्च २०२९ पर्यंत.

मग प्रश्न संपला का? माझं मत: अर्धा संपला. वीज कधी येणार आणि बिल किती, हे या योजना ठरवतात. पण ती पंपापर्यंत किती व्होल्टेजने पोचणार, हे ठरतं डीपीपासून विहिरीपर्यंतच्या तारेवर. आणि तार ओहमचा नियम पाळते, जीआर नाही.

आधी दोन सूत्रं

व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स
पॉवर = व्होल्टेज × करंट

घरचा २००० वॅटचा गिझर घ्या. २३० व्होल्टला करंट २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर, रेझिस्टन्स २३० ÷ ८.७ = साधारण २६.४ ओहम. व्होल्टेज १८० झालं तर करंट ६.८ वर येतो आणि पॉवर राहते फक्त १२२५ वॅटच्या आसपास. पाणी उशिरा तापेल, पण गिझर जळणार नाही.

मोटार मात्र उलटी वागते

पंपाच्या मोटारीला पाणी उचलायचंच असतं. व्होल्टेज कमी पडलं की तेवढंच काम करायला ती जास्त करंट ओढते. तुमच्या फोनचा चार्जरही असाच वागतो. त्यावर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं बघा. म्हणूनच 'फोन चार्ज होतोय, म्हणजे लाइट चांगली आहे' असं समजून मोटार चालू करू नका.

तारेत काय हरवतं?

ढोबळ हिशोब करू. ५ एचपीची थ्री-फेज मोटार पूर्ण लोडला साधारण ७.५ अँपिअर घेते. डीपीपासून एक किलोमीटरवर असे ६ पंप एकाच लाइनवर आहेत, आणि तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला १ ओहम धरू.

- तारेतला करंट: ६ × ७.५ = ४५ अँपिअर
- तारेत पडलेलं व्होल्टेज: ४५ × १ = ४५ व्होल्ट
- डीपीवर फेज-न्यूट्रल २४०, शेवटी उरलं १९५
- म्हणजे दोन फेजमध्ये ४१५ ऐवजी साधारण ३३८
- तारेत उष्णता होऊन गेलेली पॉवर: ४५ × ४५ × १ = २०२५ वॅट, तीन तारांत ६०७५ वॅट

सहा किलोवॅट, म्हणजे ८ एचपीची मोटार फक्त तारा तापवायला चालू ठेवल्यासारखं! तेवढंच काम करायला मोटारीचा करंट आता ७.५ वरून ९.२ कडे जातो. वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळपास दीडपट होते. मोटार भरायला टाकावी लागते ती अशीच. तो खर्च मोफत योजनेत येत नाही, आणि उन्हाळ्यात उसाचं चार दिवस पाणी चुकतं ते वेगळंच.

सौर फीडरने नेमकं काय बदलतं?

प्लांट सबस्टेशनजवळ असल्याने लांबून वीज आणताना होणारी गळती वाचते. पण शेवटचा किलोमीटर तोच राहतो. शिवाय दिवसा वीज आली की सगळे पंप एकाच वेळेत चालणार. ऑटो स्विच असेल तर लाइट आल्याक्षणी सगळे एकदम सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या ५-६ पट करंट घेते. फ्यूज उडतो तो तेव्हा.

याला खरा उपाय म्हणजे ११ केव्हीची लाइनच शेतापर्यंत नेऊन एक-दोन शेतकऱ्यांसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवणं. राज्यात २०१८ पासून एचव्हीडीएस नावाने हे सुरू झालं. ४१५ ऐवजी ११,००० व्होल्टला तीच पॉवर नेताना करंट साधारण २६ पट कमी लागतो, आणि त्याच तारेतली गळती जवळपास ७०० पट कमी होते. माझ्या मते सौर फीडरइतकीच चर्चा याची व्हायला हवी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत तर पॅनल विहिरीजवळच असतं, त्यामुळे लांब तारेचा प्रश्नच येत नाही.

तोवर आपल्या हातात काय?

१. कपॅसिटर बसवा. पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ झाला तर वरच्या उदाहरणात ४५ अँपिअरचे ३८ होतात आणि गळती सहावरून ४.३ किलोवॅटवर येते. पण डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तरच.
२. ऑटो स्विच काढा, किंवा प्रत्येकाने टायमर वेगवेगळ्या मिनिटांवर लावा.
३. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले मोटारीच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरला सेट आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या. पेटी स्वतः उघडू नका.
४. मोबाइल स्टार्टर असेल तर व्होल्टेज आणि अँपिअरच्या रीडिंगचे स्क्रीनशॉट रोज ठेवा.

'लाइट कमी येते' या तक्रारीला कोणीही टोलवतो. 'सकाळी १० वाजता ३३८ व्होल्ट, ९.२ अँपिअर, सलग आठ दिवस' असं लिहिलेल्या अर्जाला तसं टोलवणं अवघड जातं. घरातल्या मोठ्यांना हे आकडे काढून देण्याचं काम तुमचं.