मुनेरबींच्या लेकाचं गाणं

नीटच्या शिकवणीसाठी लातूर-नांदेडला खोली करून राहणाऱ्या मुलांच्या कानात सध्या वेगळ्याच तऱ्हेची गाणी असतात. गाणारा स्वतःच लिहितो, स्वतःच चाल लावतो आणि गिटार घेऊन स्वतःच गातो. मागे कुठली कंपनी नसते, म्हणून त्याला ‘इंडी’ म्हणायचं. नवा अल्बम कधी येणार, कार्यक्रम कुठल्या शहरात, हे मुलांना तोंडपाठ. इकडे अम्मी-अब्बांना धास्ती की उद्या आपला पोरगाही म्हणेल, मला हेच करायचंय.

म्हणू द्या. फक्त त्याला आधी बार्शीच्या एका पोराची गोष्ट सांगा.

बार्शी आपल्या लातूरच्या शेजारची. एके काळी मध्ये सरहद्द होती. बार्शी इंग्रजांकडे, लातूर निजामाकडे आणि दोन्ही मुलखांतून धावणारी ती अरुंद रुळांची छोटी रेल्वे. तिथं २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुस्लिम शेतकरी घरात मेहबूब हुसेन पटेल जन्मला. पोटासाठी बसवर क्लीनर झाला, गिरणीत राबला. हाच पुढे शाहीर अमर शेख. शब्द त्यांचे, गळा त्यांचा, हातात डफ. सोबतीला अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर, तिघांचं १९४४ सालचं लाल बावटा कलापथक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आणि गोवामुक्तीच्या आंदोलनात त्यांच्या आवाजानं सभा पेटायच्या. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रहही त्यांचे. २९ ऑगस्ट १९६९ ला अपघातात गेले, तेव्हा वयाची त्रेपन्न वर्षंही पुरी झाली नव्हती. आज मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. आपल्या किती घरांत त्यांचं नाव निघतं, ते ज्यानं त्यानं बघावं.

पण मला बोलायचंय ते त्यांच्या आईबद्दल, मुनेरबींबद्दल. लोकगीतांचा नाद लेकाला लागला तो त्यांच्याकडून. शाहिराचे शब्द पुस्तकांत राहिले. मुनेरबींच्या काळी गरिबाच्या घरी आवाज टिपून ठेवायला काय होतं?

‘आपल्यात कुठं असतं गाणं?’ असं कुणी म्हणालं की मला चक्कीनामे आठवतात. विजापूरकडच्या सूफींनी ते दखनीत रचले, बायकांनी दळता दळता म्हणावेत म्हणून. जात्यावरच्या मराठी ओव्या तर गावोगावच्या. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. एवढं करूनही कितीतरी घरं राहिलीच असणार.

कंधार, औसा, उदगीर, देगलूर, कुठलंही गाव घ्या. तरुणपणी जात्यावर बसलेली बाई आज ऐंशीच्या आसपास आहे. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि गाणं तिच्या एकटीपाशी उरलं. पाळण्याची गाणी, हळदीची गाणी, थोडी मराठी, थोडी दखनी.

ज्या पोराला अल्बम काढायचाय त्याला या सुट्टीत नानीकडे पाठवा. मोबाइल तिच्याजवळ ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि गाण्याआधी तिचं नाव, माहेरचं गाव तिच्याच तोंडून बोलून घ्यायचं. पहिल्या दिवशी ती म्हणेल, काही आठवत नाही रे बाबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.