शाहूपुरीची साक्ष

हिंदू मनाला दारिद्र्य प्रिय आहे, हा आरोप गेली शंभर वर्षे फिरतो आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये युरोपातील भांडवलशाहीचा संबंध प्रॉटेस्टंट धर्मनिष्ठेशी जोडला आणि पुढे हिंदू धर्मविचारात तशी प्रेरणा नसल्याचे प्रतिपादन केले. १९७८ च्या सुमारास अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी देशाच्या मंद आर्थिक वाढीला ‘हिंदू विकासदर’ असे नाव दिले. बोल लागला तो धर्माला. परवाना-राज्य नामानिराळे राहिले. १९८० नंतर नियंत्रणे सैल होऊ लागली, १९९१ मध्ये धोरण बदलले आणि वाढीचा वेग चढला. त्या काळात या देशाने धर्म बदलला होता काय?

उत्तर कोल्हापुरात उभे आहे. जगदंबेला महालक्ष्मी म्हणून पूजणाऱ्या या नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुऱ्हाळात गुळव्याने काहिलीतून उतरवलेल्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. शेतकरी, अडत्या, हमाल अशा सर्वांच्या हाताला काम देणारी ही पेठ होती. चार पुरुषार्थांत अर्थाला स्थान देणाऱ्या परंपरेला हे विसंगत वाटले नाही.

पुढच्याच वर्षी दुष्काळ कोसळला. पेठ वसवणाऱ्या त्याच राजाने स्वस्त धान्याची दुकाने उघडली. संपत्ती निर्माण करणे आणि ती भुकेल्यापर्यंत पोहोचवणे, ही एकाच राजधर्माची दोन अंगे होती.

टीकाकारांची गल्लत येथेच होते. स्वेच्छेने स्वीकारलेली निर्धनता वेगळी आणि परिस्थितीने लादलेले दारिद्र्य वेगळे. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्यांनी स्वतःचे येणे सोडले. ऋणकऱ्याने उपाशी राहावे, असे म्हटले नाही. अपरिग्रह हे स्वतःसाठी घेतलेले व्रत आहे. ते दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.

मात्र ही साक्ष दुधारी आहे. दारी आलेल्या कष्टकऱ्याची मजुरी कापून ‘ज्याचे त्याचे भोग’ म्हणणारा गृहस्थ वेबरचाच वकील ठरतो. लग्नातल्या झगमगाटावरून माणसाची किंमत करणाराही त्याच पंगतीचा. जन्माने अडवलेल्या वाटा आपोआप मोकळ्या होत नाहीत, हे शाहू महाराजांनी ओळखले आणि २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या निर्णयाला सर्वांत कडवा विरोध झाला तो सुस्थित, सुशिक्षित घरांतूनच.

म्हणून परकीयांच्या आरोपाचे खंडन केवळ ग्रंथांतील वचनांनी होणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हिशेबाची वही पूजणाऱ्याने त्या वहीत कोणाचे देणे थकले आहे, तेही पाहावे. ते देणे चुकते होईल, तेव्हाच पूजा पूर्ण होईल.